भाग न जाणारे मास्तर

पाथरवटाने पोतं बाजूला केलं आणि ताईने वाकून अंक मोजले. दगडावर ७३९३९१३ एवढंच कोरलेलं होतं.

"अहो, ७३९३९१३३ सांगितलं होतं ना? शेवटचा तीन कुठाय?"

"मावला नाही, बाई. अंक जरा ठसठशीत घेतले."

मास्तरांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, मरताना एकच गोष्ट मागितली होती. थडग्यावर नाव नको, ही संख्या कोरा. मूळ संख्या; एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. "माझ्यासारखी," असं ते वर ऐटीत म्हणत. त्यांच्या मनासारखं एकही गणित ताईला कधी सुटलं नव्हतं. निदान हे तरी बिनचूक करायचं, असं तिने ठरवलं होतं. ती तिथेच दगडाच्या भुग्यात बसून रडू लागली.

"गप गं," आई म्हणाली. "शेवटचा आकडा गेला तरी उरते ती संख्याही मूळच. आणखी एक गेला तरी मूळच. पार सात उरेपर्यंत. मुद्दाम शोधून ठेवली होती त्यांनी. म्हणाले, काम पोरांच्या हातात द्यायचंय, काहीतरी सांडणारच."

हे ऐकून बरं वाटून घ्यावं की वाईट, ते ताईला कळेना. धाकट्या भावाला मात्र परवानाच मिळाला. टेम्पोत चढवताना त्याने दगडाची उजवी कड फळीवर आपटली. आता शेवटी आलेला तीनसुद्धा गेला.

"चालतंय!" तो म्हणाला.

कड ओबडधोबड दिसते म्हणून पाथरवटाने ती छिन्नीने सारखी केली. त्यात एक गेला. उरले ७३९३९.

"चालतंय," आता ताईही म्हणाली, डोळे पुसत.

दफनभूमीत आभाळ दाटलेलं, पायांखाली ओली माती. उजवी बाजू कशीही आपटली तरी बिघडत नाही, म्हणून सगळ्यांनी जीव मुठीत धरून डावीच उचलली. साहजिकच सगळ्यांचे पाय डावीकडे घसरले. डावा कोपरा शेजारच्या थडग्यावर आदळला आणि सात तुटून चिखलात पडला.

या वेळी कुणी 'चालतंय' म्हणालं नाही. पुढून तुटण्याची सोय मास्तरांनी केलेली नव्हती.

ताईने ३९३९ च्या अंकांची बोटांवर बेरीज केली. चोवीस. "तीनानं भाग जातो, आई," ती हुंदका देत म्हणाली. "एवढं एक काम सांगितलं होतं बाबांनी, तेही चुकवलं मी."

"तीनानं?"

"हो."

आईने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग खाली बसून तिने पदराने अंकांवरचा चिखल पुसला.

"आपण तिघंच तर उरलोय," ती म्हणाली. "जन्मभर कुणाच्या वाट्याला आले नाहीत ते."

दगड बसवायला सोबत आलेला पाथरवट ओशाळून पुढे झाला. "सात चिकटवून देतो, बाई. पैसे नकोत."

"हात लावून तर बघा," आई म्हणाली.