एका स्तोत्रात वाळणारे केस

"तू फक्त स्तोत्र सुरू कर, वासिती! 'आमेन' म्हणशील तोवर केस कोरडे. ठणठणीत कोरडे! नाही झाले तर जोसाया नाव लावणार नाही!"

वासितीने चहात बिस्किट बुडवलं. 'नाव लावणार नाही' हे तिने नारळ खवायच्या यंत्राच्या वेळी ऐकलं होतं. पाणी चढवायच्या पंपाच्या वेळीही ऐकलं होतं. त्या हिशेबाने तिचा नवरा केव्हाच बिननावाचा व्हायला हवा होता!

जोसाया लेवुका या बंदराच्या गावी बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. हात सोन्याचे, पण डोकं स्वस्थ बसत नाही. आणि ते डोकंही कसं? घासून ठेवलेल्या करवंटीसारखं गुळगुळीत! अशा माणसाने केस वाळवायचं यंत्र सुधारायला घ्यावं, याला काय म्हणायचं? दात आहेत तिथे चणे नाहीत, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. इथे दात नसलेला गृहस्थ दुसऱ्यासाठी चणे भाजायला बसला होता.

पण कारण तसं सबळ होतं. वासितीचा बुइनिंगा म्हणजे लेवुकाचं वैभव! डोक्याभोवती केसांचा गोल, दाट, काळाभोर घुमट. बंदरावरून चालत निघाली की भाजीवाल्या बायका माप टाकून बघत राहायच्या. मात्र हा घुमट एकदा धुतला की वाळता वाळायचा नाही. लेवुकाची हवा ओली, पाऊस डोंगरावरून न विचारता येणारा. धुतल्या दिवशी वासिती ओसरीवर केस मोकळे करून राणीसारखी बसायची आणि स्वयंपाक कोण करायचा? जोसाया! त्याने उकडलेला कसाव्याचा कंद नेहमी एका बाजूने कच्चा राहायचा, हे घरात सगळ्यांना मान्य होतं.

"दुकानातल्या ड्रायरचं तोंड बघ," तो त्याच्या तवालेला, रुपेनीला सांगायचा. तवाले म्हणजे आतेमामेभाऊ, आणि एकमेकांची टर उडवणं हा दोघांचा जन्मसिद्ध हक्क. "चपटं तोंड! वारा वरच्यावर जातो. वरचे केस कोरडे, मुळाशी ओल तशीच. भात वरून फडफडीत आणि तळाशी गिच्च, तसं!"

"तुझ्या भाताचं वर्णन करतोयस का?"

"वारा मुळाशी गेला पाहिजे, मूर्खा!"

"आणि मुळं कुठे असतात, हे तुला आठवतंय अजून?" रुपेनीने त्याच्या टकलाकडे बघत विचारलं.

जोसायाने खिशातून पेन्सिल काढली. त्याला आजोबांची बांबूची फणी आठवली होती. बांबू आतून पोकळ. फणीचे दात पोकळ ठेवले, टोकाला भोकं पाडली आणि मागून वारा सोडला तर? फणी केसांत शिरणार, वारा थेट मुळाशी! एवढी साधी गोष्ट जगात कुणाला सुचू नये याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि थोडी जगाची कीवही आली.

पहिल्या फणीची भोकं फार बारीक झाली. वारा आतच कोंडला, ड्रायर तापला, जळका वास आला आणि यंत्राने मान टाकली. दुर्दैवाने तेव्हा ती फणी वासितीच्या डोक्यात होती. "माझं डोकं म्हणजे तुझं वर्कशॉप नाही, लिटियाचे बाबा!" एवढं बोलून तिने विषय आणि केस दोन्ही बांधून टाकले. दुसऱ्या फणीची भोकं एवढी मोठी की दम्याच्या माणसाने सुस्कारा टाकावा तसा वारा यायचा. तिसरी मात्र जमली! दात मुळाशी जाड, टोकाला निमुळते, भोकं नेमकी. मागच्या तोंडाला कपडे धुण्याच्या यंत्राची लवचिक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ड्रायर. खरं सांगायचं तर बघत राहावं असं काम होतं. रुपेनीनेसुद्धा ती दोनदा हातात घेऊन पाहिली, यावरून काय ते समजा.

आता डोकं कुणाचं? वासिती नाही म्हणाली. शेजारणी वासितीला विचारून नाही म्हणाल्या. शेवटी फरशी पुसायचा झुपकेदार मॉप भिजवला, काठी भिंतीला टेकवली आणि फणी खोचली. स्तोत्राचं पहिलं कडवं संपायच्या आत मॉप कोरडा! जोसायाने मॉपला मिठी मारली.

त्यानंतर आठवड्याने शाळेचा बाजार होता.

वादळात शाळेचं छप्पर उडालं होतं, त्यासाठी हा बाजार. बायकांच्या बाजूची सगळी सूत्रं वासितीकडे. आणि फीत कापायला कोण येणार? आदी केलेरा! वासितीच्या माहेरच्या बेटावरच्या सरदारघराण्यातल्या वडीलधाऱ्या बाई; 'आदी' ही त्या घराण्यातल्या बायकांची मानाची पदवी. वासितीने लग्न ठरवलं तेव्हा माहेरच्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "मुलगा करतो काय?" 'बर्फ' हे उत्तर कुणाला आवडलं नव्हतं. तेव्हापासून माहेरचं कुणी मोठं माणूस तिच्या गावात आलं नव्हतं. आदींना आमंत्रण द्यायला वासिती स्वतः बेटावर गेली, खाली बसून मानाची भेट म्हणून यांगोना या पेयाची मुळं पुढे ठेवली, आणि आदी 'येते' म्हणाल्या. परतल्यावर ती दोन दिवस घरात गुणगुणत होती. जोसायाने तिला एवढं खुश कधी पाहिलं नव्हतं. हा दिवस सुखरूप पार पडावा, एवढीच त्याची देवाकडे मागणी होती.

देवाने पाऊस पाठवला.

उघडी होडी, खवळलेला समुद्र, वाऱ्याने उडालेली छत्री. आदी केलेरा धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्यांचा तो प्रसिद्ध रुपेरी बुइनिंगा भिजलेल्या कोंबडीसारखा दोन्ही कानांवर पडला होता. त्यांना शाळेच्या वर्गात नेलं, कोरडे कपडे दिले, गरम चहा दिला. बाहेर पाऊस थांबला, बँड वाजू लागला, मुलं रांगेत उभी राहिली.

"अशा डोक्याने मी मंचावर जाणार नाही," आदी शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आईनेही अशा डोक्याने कुणाला तोंड दाखवलं नव्हतं. इथूनच आशीर्वाद देते आणि परत जाते."

वासितीचा चेहरा पांढराफटक पडला. टॉवेल घेऊन कुणी पुढेही होईना, कारण सरदारघराण्यातल्या माणसाच्या डोक्याला हात लावायचा नसतो. आदींच्या डोक्याला एकट्या त्यांच्या थोरल्या बहिणीने हात लावायचा, आणि ती बसली होती बेटावर!

जोसाया घरी पळत गेला आणि फणी, नळी, ड्रायर ठेवलेली पेटी घेऊन पळत आला.

"नको!" वासिती दातओठ खात कुजबुजली. "लिटियाचे बाबा, पाया पडते, नको!"

"काय नको?" आदींनी विचारलं.

"आदी, एक यंत्र आहे," जोसाया जमिनीवर बसत म्हणाला. "एका स्तोत्रात केस कोरडे! आणि माझा हात तुमच्या डोक्याला लागणार नाही. फणी तुम्हीच खोचायची, मी खाली बसून लांबून वारा सोडतो."

"कुणाच्या डोक्यावर करून पाहिलंय?"

"मॉपच्या," रुपेनी दारातून म्हणाला.

आदींनी जोसायाच्या टकलाकडे पाहिलं. मग फणी हातात घेतली, उलटसुलट केली, बोट फिरवलं. "बांबू चांगला निवडलायस," त्या म्हणाल्या आणि आपल्या हाताने ती मागच्या केसांत खोचली. ओल्या केसांत ती लोण्यात सुरी जावी तशी गेली.

ड्रायर घुमू लागला. वासितीने स्तोत्र उचललं, बायकांनी चार सुरांत साथ धरली. आणि काय सांगू! केस हलले. कानांवरून सुटले. मग तव्यावरची भाकरी टम्म फुगावी तसा तो बुइनिंगा सगळीकडून वर येऊ लागला. रुपेरी, हलका, भरगच्च! शेवटच्या कडव्याला बायकांचे सूर चुकले, कारण सगळ्या तोंड उघडं टाकून बघत होत्या.

"आमेन!"

आदींनी केस चाचपले. "कोरडे!" त्या म्हणाल्या. "मुळापर्यंत कोरडे! पोरी, तुझा नवरा हुशार आहे गं!"

वासितीने जोसायाकडे पाहिलं. असं तिने लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं, त्यानंतर आजच! जोसायाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"आता काढते ही फणी," म्हणत आदींनी ओढली.

फणी आली नाही.

पुन्हा ओढली. फणीबरोबर केस आले, केसांबरोबर कातडी आली, भुवया कपाळावर चढल्या, पण फणी जागची हलली नाही. जोसायाने फुगलेल्या केसांकडे पाहिलं. त्याला एका क्षणात सगळं कळलं. मॉप वाळला तरी मॉपच राहतो. पण हे केस वाळले की फुगतात! जितके छान वाळतील तितके घट्ट धरतील. यंत्र एवढं उत्तम चाललं होतं, की आता ते निघणार नव्हतं!

सवयीने त्याचा हात पुढे गेला.

"हाऽऽऽ!" सगळ्या वर्गाने श्वास ओढला. हात हवेतच थिजला. हात पुढे नेता येईना आणि मागे घ्यायचं सुचेना, असा तो पुतळा होऊन बसला.

बाहेर बँडने तेच गाणं तिसऱ्यांदा सुरू केलं.

"राहू दे डोक्यात," आदी उठल्या. "छप्पर महत्त्वाचं."

वासितीने प्रसंगावधान राखून नळी सोडवली. नळीला हात लावायला कुणाची हरकत नव्हती. मागे बांबूचं तेवढं तोंड उघडं दिसत होतं. त्यात तिने लांबूनच देठ धरून लालभडक जास्वंद खोचली. फणी दिसेनाशी झाली!

आदी मंचावर आल्या आणि गर्दीतून कौतुकाचा हुंकार उठला. आतून बांबूचा आधार मिळाल्यामुळे बुइनिंगा एवढा उंच उभा राहिला होता, की म्हाताऱ्या माणसांना आदींच्या आईची आठवण झाली. वासितीची मान ताठ झाली. जोसायाने हळूच श्वास सोडला. पाद्रीबुवांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

तेवढ्यात समुद्रावरून वारा आला आणि जास्वंद उडून गेली.

"हे प्रभू, आमच्या या शाळेवर…"

"फुऽऽऽऊ," आदींच्या डोक्यातून बासरी वाजली.

पाद्रीबुवा थांबले. बासरी थांबली. "आमच्या या शाळेवर तुझी कृपा…" "फूऽऽऽ!" आता सूर थोडा वरचा. अख्ख्या मैदानाचे डोळे उघडले. सगळ्यांना ऐकू येत होतं, कुठून येतंय तेही दिसत होतं, पण आदींच्या डोक्याबद्दल बोलणार कोण? पोरांनी गाल चावले, बँडवाल्याने तोंडात कमरेला नेसलेल्या सुलूचा काठ कोंबला. पाद्रीबुवांनी उरलेली प्रार्थना घाईघाईत उरकायला घेतली, तर वाऱ्यालाही घाई झाली. जोसाया मनात म्हणत होता, धरणीमाते, पोटात घे! वासिती खाली मान घालून बसली होती. तिच्या पापण्या ओल्या झालेल्या त्याने पाहिल्या, आणि त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

आता रुपेनीचं एक सांगायला हवं. त्याच्या वडिलांच्या गावाचं आणि आदींच्या बेटाचं पिढ्यानपिढ्यांचं थट्टेचं नातं. इकडच्या माणसाने तिकडच्याला काहीही बोलावं, सरदार असो की कोळी, रागवायचं नाही असा रिवाज! मैदानात तोंड उघडण्याचा हक्क असलेला हा एकच इसम, आणि तो उठून उभा राहिला.

"आदी!" तो ओरडला. "किटली उकळली वाटतं! चहा टाकू का?"

सगळ्या माना आदींकडे वळल्या. मग आदी केलेरांचे खांदे हलले. पोट हललं. त्या खदाखदा हसू लागल्या, आणि हसताना डोकं हललं तशी बासरीसुद्धा थरथरत हसली! मग काय विचारता! म्हाताऱ्या चटयांवर लोळल्या, पाद्रीबुवांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ज्यांनी नुसतं डोकावून जायचं ठरवलं होतं ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. भाजलेलं डुक्कर दुपारीच संपलं.

बाजार आवरल्यावर जोसाया यांगोनाची मुळं घेऊन वर्गात गेला, गुडघ्यांवर बसला आणि रीतसर क्षमा मागितली. आदींनी मुळांना हात लावला. म्हणजे माफी मिळाली.

"पण ही काढायची कशी?" त्यांनी विचारलं.

"आदी," वासिती हळूच म्हणाली, "ओल्या केसांत सहज गेली होती ना?"

 जोसायाने कपाळावर हात मारून घेतला. पाण्याची बादली आली, आदींनी स्वतःच्या हाताने डोक्यावर तांब्या रिकामा केला, बुइनिंगा खाली बसला आणि फणी अलगद मांडीवर आली. टाळ्या झाल्या!

"छान," आदी म्हणाल्या. नाकावरून पाणी टपकत होतं. "आता तासाभरात मंडळी जेवायला बसतील. मी काय अशी निथळत बसू? वाळव."

जोसायाने ड्रायरकडे पाहिलं. फणीकडे पाहिलं. ओल्या केसांकडे पाहिलं. मग कोपऱ्यातला ताडाच्या पानांचा पंखा उचलला, आदींच्या मागे जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी वारा घालू लागला.

आदींनी डोळे मिटून घेतले. "पोरी, माहेरी विचारत होते ना, मुलगा करतो काय म्हणून? मी सांगेन त्यांना. वारा घालतो. आणि मनापासून घालतो."

वासिती हसली. अगदी मोकळी, बेटावरून परतली होती त्या दिवशीसारखी. "काय लिटियाचे बाबा, एका स्तोत्रात ना? करू सुरू?"

"कर," जोसाया घाम पुसत म्हणाला. "पण जरा लांबलचक काढ."