उजव्या अंगाच्या दाराची फत्ते

श्रीगजानन प्रसन्न, आणि ज्याचे हातून सृष्टीचे मळसूत्राचा पहिला आटा पडला तो श्रीविश्वकर्माही प्रसन्न असो. ही हकीकत कोणी खरी मानणार नाही, हे आरंभीच लिहून ठेवितो. आमचे घरची माणसे मानीत नाहीत, आणि मांजर तर दुसरे ओळीस उठून जाते. तथापि आक्कासाहेबांची आज्ञा जाहली की, चिटणीस, मोटारीची बखर लिहा आणि सभेत आम्हांसमोर वाचा. त्या समोर पानाचा डबा उघडून बसल्या आहेत. म्हणोन जैसे डोळां पाहिले तैसे लिहिले, पदरचे अक्षर घातले नाही.

शके अठराशे पन्नास, विभवनाम संवत्सरे, आश्विनमासी वर्तमान ऐसे की, आमचे राज्याचे थोरले महाराज कैलासवासी जाहले होते, आणि मागे पुत्र रायाजीराजे, मिसरूड नुकते फुटलेले, आणि वडील कन्या सगुणाबाई, त्याच आमच्या आक्कासाहेब. आणि राज्याची रीत ऐसी की, नवे राजाने दसऱ्यास थोरल्या महाराजांची विलायती मोटार खासा हाकून सीमोल्लंघन करावे, आणि निघते समयी प्रजेदेखत उजव्या अंगाचे दार उघडून आत बसावे, मग ते दार एके हाताने एके दमात मिटावे. मिटले तर गादी पावली. न मिटले तर गादी चुलत्यांची. आणि चुलते मानाजीराव काकासाहेब ऐसे की, देह दोन माणसांचा, भूक चौघांची, आणि गादीवर नजर बारमाही.

आता दाराचे वर्म सांगतो. दार बिजागरीवर, बिजागरी बोल्टावर, आणि बोल्ट मोटारीचे खांबात आट्यांनी, म्हणजे मळसूत्राचे वेढ्यांनी, धरिलेला. म्हणजे राज्य आट्यांवर. आणि खंडेनवमीस मानाचा वेढा देण्याची चाल होती. ती ऐसी की, पूजेस बसण्याआधी प्रत्येक मानकऱ्याने पाना हाती घ्यावा आणि निष्ठेची खूण म्हणोन त्या बोल्टास एक पिळा द्यावा. बोल्ट सैल आहे की घट्ट हे कोणी पाहात नसे, निष्ठा घट्ट दिसली म्हणजे जाहले. त्या साली सरदारांनी दिले, शास्त्र्यांनी दिले, आणि शेवटी काकासाहेब पुढे सरले आणि म्हणाले, मान मोठा त्याचा पिळाही मोठा. मग ते पान्यास लोंबकळले. तव खांबाचे आतून बारीक हाड मोडल्यासारखा आवाज आला, आणि बोल्ट जागच्या जागी गरागरा फिरू लागला, आणि त्याचे वाऱ्याने समया विझल्या. आणि कुल आटे शिकस्त खाऊन भुशासारखे खाली पडले, आणि दार गुडघ्यावर आले.

आम्ही जवळ होतो. आम्ही धावून दार खांद्यावर घेतले. तो खांदा आजही खाली आहे, पाहावयाचा असल्यास सदरा काढून दाखवू.

मग मोटारखान्याचे दादूमियाँ मिस्त्रींस बोलावणे जाहले. त्यांनी बोट घालून पाहिले, बोटास लोखंडाचा चुरा लागला तो कपाळी लाविला, आणि बोलिले की, खांबातले आटे गेले, भोक मोठे करून नवे आटे पाडावे लागतील, तास-दीड तासाचे काम. सर्वांस धीर आला. तव काकासाहेबांनी पूजेकडे हात केला. पाहतात तो या गडबडीत पूजा उरकलेली, आणि पाना, कानस, आटे पाडण्याचा टॅप, अवघे हत्यार हळदकुंकू लेवून पाटावर बसलेले. आणि नवमीस पूजेत बसलेले हत्यार दशमीचे सीमोल्लंघन होईतो उचलू नये, हा त्या राज्याचा निर्बंध, तो मोडणारास गादी नाही. काकासाहेब शांतपणे म्हणाले, “बाळराजे, दार मिटलं नाही तर गादी गेली. हत्यार उचललंत तरी गेली. तुम्ही आता जेवून घ्या.”

रायाजीराजे पुढे आले. आमचे दुसरे बाजूस येऊन त्यांनीही दारास खांदा दिला आणि पत्र्यास कान लाविला. थोरले महाराज संध्याकाळी फिरून येत तव ते दार मिटल्याचा आवाज ऐकून लेकरे धावत, तो आवाज ते शोधीत असावेत. आमचे डोळां पाणी आले, आणि हात दारात गुंतलेले म्हणोन पुसता आले नाही.

तव आक्कासाहेब आल्या. (येथे त्या हसल्या, म्हणजे वर्तमान खरे.) त्यांनी कानातली कुडी फिरकीतून काढिली, पाहिली, परत लाविली, आणि म्हणाल्या, “मिस्त्री, कुडीची फिरकी सैल झाली की सोनार काय करतो?”

“मळसूत्राला बारीक तार गुंडाळून बसवतो, आक्कासाहेब. तार नवे आटे होऊन धरते.”

“मग? हत्यार पूजेत बसलंय. दागिना बसलेला नाही.”

ऐसे बोलून त्यांनी उजवे पायाचा सोन्याचा तोडा काढिला. त्याचे टोक मिस्त्रींचे चिमटीत दिले, आणि तोडा हाती घेऊन त्या मोटारखान्यातून देवडीकडे चालू लागल्या. आणि त्या चालल्या तैसा तोडा उलगडत गेला, आणि केसासारखी तार निघत गेली, आणि मावळतीचे ऊन तिजवर पडले तव सूर्यास लगाम घातल्यासारखे दिसो लागले. सरदार मुजरा करावयाचे विसरले. घोडे खाली बसले. मग मिस्त्रींनी ती तार बोल्टाचे आट्यांतून वेढ्यास वेढा लावून भरिली आणि बोल्ट भोकास लाविला. परंतु पाना पूजेत, तो पिळावा कैसा? तव फाटकाशी चंचलगज हत्ती उभा होता. मिस्त्री म्हणाले, हत्ती हत्यार नव्हे, हत्ती नोकर. हत्तीने सोंडेचे टोकाने बोल्ट चिमटीत धरिला आणि पिळला, आणि तार आत बसत गेली, आणि दार आमचे खांद्यावरून फुलासारखे उचलले गेले. मिस्त्री हळूच म्हणाले, “बास, राजा.” आणि हत्ती थांबला. इतके मानकरी जाहले, थांबावे कोठे हे एका हत्तीस कळले. हे पाहून आमचे अंगावर काटा आला तो अद्याप बसला नाही.

दुसरे दिवशी दसरा. सोने लुटावयास मिळालेली प्रजा फाटकापर्यंत दाटली, काकासाहेब रेशमी फेटा बांधोन गादीशेजारीच उभे. रायाजीराजे उजवे अंगास आले, दार उघडिले, आत बसिले, आणि डोळे मिटोन एक हात दारास लाविला. कुल राज्याचा श्वास अडकला. आणि दार मिटले, आणि आवाज आला तो ऐसा, की जैसे

टक्.

हा आवाज आमचा नव्हे. आक्कासाहेबांनी पानाचा डबा मिटला.

“चिटणीस,” त्या म्हणाल्या, “माझा तोडा हा माझ्या पायात आहे.” आणि लुगड्याचा काठ उचलून पाऊल पुढे केले. आम्ही म्हणालो, तो डावा असेल. त्यांनी दुसरेही पाऊल पुढे केले.

“आणि त्या मोटारीला उजव्या अंगाला दार कधी नव्हतंच. तिथं राखीव चाक बांधलेलं. मागं पत्र्यावर नुसती दाराची रेघ आहे, शोभेची. रायाजी जन्मभर डावीकडून चढला आणि माझ्या मांडीवरून सरकत हाकायच्या चाकाशी गेला. दर दसऱ्याला माझं लुगडं चुरगळलं.”

सभा आम्हांकडे पाहो लागली. मागे कोणी हत्तीविषयी पुसले.

एवं त्या राज्यात दार नसता बिजागरी टिकली, आणि बिजागरी नसता गादी टिकली. थोरल्या महाराजांचे पुण्य थोर. येथे लेखणी ठेविली, आणि खांदाही.