न फुटणारी बॅटरी

माझ्यासोबत प्रवास करणाऱ्या माणसाला कसलीही तोशीस पडत नाही, हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की आता कुणी मान वर करूनही बघत नाही. त्यामुळे सासऱ्यांना विमानाने त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा बायकोने सगळं माझ्यावर सोपवलं. आत्याबाईंची नजर झपाट्याने जात होती. थोडं दिसतंय तोवर भावाचं तोंड बघायचं, एवढाच त्यांनी धोशा लावला होता. भेट होऊन नऊ वर्षं झालेली.

सासऱ्यांची फुप्फुसं थकली आहेत. नाकात नळी आणि खांद्याला जेवणाच्या डब्याएवढं ऑक्सिजनचं यंत्र. हा सिलिंडर नव्हे. ते आजूबाजूची हवा ओढून त्यातला ऑक्सिजन नाकाला पुरवतं. त्याच्याशिवाय सासरे पाच-दहा मिनिटं शांत बसू शकतात. चालायला लागले की धाप लागते.

मी आठवडाभर तयारी केली. डॉक्टरांचं पत्र, विमान कंपनीची परवानगी, जादा बॅटऱ्या आणि यंत्राची चाळीस पानी पुस्तिका. पुस्तिका तर पाठच केली. मी स्वतः एका कार्यालयात लोकांचे अर्ज तपासतो. कागदात खोट कशी काढतात, हे मला कोण शिकवणार?

तपासणीच्या रांगेत सासरे चाकाच्या खुर्चीत आणि मी मागे, फाइल छातीशी धरून. गणवेशातल्या तपासनीस बाईंनी यंत्राकडे बघून विचारलं, हे काय आहे. सासरे तोंड उघडणार तोच मी पुढे झालो आणि हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर येते, सगळं समजावलं. बाईंनी मान हलवली. खरं तर तिथेच थांबायचं. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला शंका दिसली. (सासरे नंतर म्हणाले, बाईंना शिंक येत होती.)

"बॅटरीची अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. "ती फुटणार नाही."

सरकत्या पट्ट्यावरचे ट्रे थांबले. मागचा माणूस बूट काढता काढता एका पायावर थांबला.

"फुटण्याचा विषय कुणी काढला?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. म्हणूनच आधी सांगतोय. फार तापली तरच फुटते."

दोन मिनिटांत मी बाजूच्या खोलीत होतो. समोर साहेब, मध्ये टेबल, टेबलावर माझी फाइल. मला फुटण्याबद्दल एवढी माहिती कशी, असं साहेबांनी विचारलं. मी पुस्तिका पाठ केल्याचं सांगितलं. ती कशासाठी पाठ केली, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी पुस्तिकाच त्यांच्यापुढे सरकवली. मग त्यांनी चाळीसच्या चाळीस पानं वाचायला घेतली, बोट ठेवून.

काचेतून मला बाहेरचं दिसत होतं. बाईंनी सासऱ्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. माझ्या बायकोने सगळ्याच्या प्रती गुपचूप त्यांच्याकडे देऊन ठेवल्या होत्या. बाईंनी यंत्रावरून स्फोटकं तपासायची एक कापडी पट्टी फिरवली, बॅटऱ्या पाहिल्या, कानामागे सरकलेली नळी नीट केली. चार मिनिटांत काम झालं. सासऱ्यांनी मला हात केला. मीही केला. साहेबांनी हात टेबलावर ठेवायला सांगितलं.

मग जबाबाचा फॉर्म आला. मी भरला. सही चौकटीबाहेर गेली म्हणून साहेबांनी परत केला आणि नवा दिला. हे मी सव्वीस वर्षं लोकांना करत आलोय. या वेळी मी चौकट बोटाने मोजून सही केली.

माझ्यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही, असा शिक्का बसला तोवर विमान उडालं होतं. सासऱ्यांसकट. ते एकटे प्रवास करू शकतात, असं डॉक्टरांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी त्या पत्रावरचा फक्त शिक्का तपासला होता.

पुढचं विमान पाच तासांनी होतं. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. दुपारी सासऱ्यांचा फोन आला. पोहोचले होते. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, अगदी जवळ नेऊन पाहिला आणि किती रोडावलास रे, म्हणाल्या. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"आणि हो जावईबापू," ते म्हणाले, "विमानातली मुलगी विचारत होती, बरोबर कुणी नाही का. मी सांगितलं, जावई होते, पण त्यांना तपासणीसाठी ठेवून घेतलंय."

"मग?"

"फार हळहळली बिचारी. म्हणाली, बरे होतील हो, काळजी करू नका."