टोपी काढून म्हणायचा शब्द

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या माणसाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे मला ठाऊक आहे. चुकलं तर माफ करा. पण आमारोकाकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या ज्या गोदामात मी शिकता शिकता काम करतो, तिथे मराठी लिहिता येणारा मी एकटाच.

पहिल्याच दिवशी मी दचकलो. साठीचा एक पोर्तुगीज माणूस, हेच आमारोकाका, टोपी काढून, छातीवर हात ठेवून चक्क फोर्कलिफ्टला म्हणत होता, "बें आझा." पाळी संपली की स्कॅनरला, घरी पोचले की सायकलला. सुपरवायझरने काकांच्या वाढदिवसाला केक आणला, तेव्हा मात्र टोपी डोक्यावरच आणि नुसतं डच "दांक यू".

"त्याला का नाही?" मी भीतभीत विचारलं.

"बें आझा म्हणजे थँक्यू नव्हे, पोरा. तुझं भलं होवो, असं ते मागणं आहे. एकदा म्हटलं की दिवसभर मनापासून मागावं लागतं. आणि याच्यासाठी? बघू पुढच्या आठवड्यात."

माझी सायकल चोरीला गेली, तर काकांनी भंगारातले भाग जोडून मला दुसरी उभी करून दिली. मी काहीच बोललो नाही. आपल्या माणसाचे आभार मानले तर तो परका होतो, असं आमच्याकडे समजतात. मी शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली, बस्स. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुमच्या भाषेत शब्द नाही का?"

"आहे. पण घरात कुणी म्हणत नाही."

"आईलासुद्धा?"

"छे!"

काकांनी कपाळावर हात मारला. "बिचारी! लाव फोन. आत्ताच्या आत्ता."

लावला. "आई, तू माझ्यासाठी खूप केलंस. धन्यवाद."

पलीकडून आई किंचाळली, "काय झालं रं? दवाखान्यात हाईस का? खरं सांग! अवं, इकडं या की, पोरगं कसंतरीच बोलतंय!"

तिची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. काका हसून हसून डोळे पुसत होते.

ते स्वतः दर रविवारी जेवणाच्या सुट्टीत सायकलस्टँडपाशी उभे राहून आईशी फोनवर बोलत. टोपी हातात. शेवट ठरलेला: "बें आझा, माय." मग आम्हाला सांगत, "गावी एकटीच असते."

गेल्या रविवारी मी ठरवून गेलो होतो. सायकलबद्दल त्यांना ते म्हणायचंच, टोपी नाही तर कानटोपी काढून. काका आलेच नाहीत. बर्फावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं, एवढंच कळलं.

बुधवारी युट्रेख्टहून त्यांची बहीण लॉकरमधलं सामान न्यायला आली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"मला त्याआधी त्यांना भेटायचंय," मी म्हणालो. "एक शब्द राहिलाय."

"ये ना. घाबरलाय तो."

"आणि गावाला आईंना कळवलं का? रविवारचा फोन चुकला. काळजी करत असतील."

बहीण काकांची टोपी पिशवीत ठेवता ठेवता थांबली.

"आईला जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "आणि तिच्या घरी फोन कधी नव्हताच."