घुबडरावांचा अंदाज कधीच चुकत नसे

एका जंगलात सगळेच्या सगळे शहाणे राहत होते. मुलांनो, एवढ्यात हसू नका. शहाण्यांच्या गोष्टीत हसायला फारसं मिळत नाही, तेव्हा हसू जरा जपून वापरा.

या जंगलात वानरांची एक टोळी होती. टोळीत चारोळ्या नावाचा एक तरणाबांड वानर होता. त्याचं काम राखणीचं. सगळ्यात उंच फांदीवर बसायचं आणि बिबट्या दिसला की खकर्र खकर्र ओरडायचं. मग खाली हरणं पळायची, वर वानरं पळायची आणि बिबट्या उपाशीपोटी घरी जायचा. चारोळ्याला त्या फांदीचा भारी अभिमान होता. दुसरं कोणी तिथे नुसतं टेकलं तरी तो दात दाखवायचा.

एका उन्हाळ्यात चारोळ्याला झाडातून आवाज यायला लागला. "बिबट्याला तूच बोलावतोस," आवाज म्हणायचा. "तुझ्यामुळे सगळे मरणार."

चारोळ्या झोपेना. खाईना. आईनं दिलेलं फळसुद्धा हुंगून फेकून द्यायचा, यात काहीतरी कालवलंय म्हणायचा. एके दिवशी बिबट्याचा पत्ता नसताना तो अंधार पडेपर्यंत ओरडत राहिला. हरणं पळून पळून दमली. शेवटी टोळीचा नाईक वर चढला आणि त्याला हाताला धरून खाली घेऊन आला.

अशा वेळी काय करायचं, याची टोळीत एक जुनी रीत होती. ज्याचं मन भरकटलं, त्याला सगळ्यांच्या मधोमध बसवायचं. पाळीपाळीने त्याच्या अंगातल्या उवा काढायच्या. वानरांत उवा काढणं म्हणजे 'तू आमचाच आहेस' असं सांगणं. अस्वल वैद्य एक कडू मुळी द्यायचा, ती रोज चघळायला लावायची. काही जण लवकर बरे व्हायचे. काहींना वर्षं लागायची. काही अर्धेमुर्धे बरे व्हायचे आणि तसेच मजेत जगायचे. काही बरे व्हायचेच नाहीत, पण उवा त्यांच्याही काढल्या जायच्या.

कोण बरा होणार आणि कोण नाही, हे आधी कोणी विचारतच नसे. इतकी ती वानरं अडाणी होती!

पण जंगल कायमचं अडाणी कसं राहील? एक दिवस सिंहमहाराज दरबारात म्हणाले, "जे बरे होणारच नाहीत, त्यांच्या उवा काढण्यात माझ्या प्रजेने बोटं का झिजवावीत?"

"वा वा!" सगळे म्हणाले. महाराजांच्या आयाळीतल्या उवा काढायला चार माकडं कायमची नेमलेली होती, पण ते सोडा.

तेव्हा घुबडराव पुढे झाले. घुबडरावांना दिवसाढवळ्या समोरचं झाड दिसत नसे. पण उद्याचं दिसतं, असं ते स्वतःच सांगत आणि फार ठासून सांगत. ठासून बोलणाऱ्यावर त्या जंगलाचा भारी विश्वास.

"महाराज, मी आधीच सांगतो ना!" घुबडराव म्हणाले. "जो बरा होणार, त्याच्या शेपटीला हिरवं पान बांधू. जो होणार नाही, त्याच्या शेपटीला वाळकं. हिरव्याच्या उवा काढा, हिरव्याला मुळी द्या. वाळक्याला नदीकाठच्या बेहड्याच्या झाडावर नेऊन बसवा. पावसाळा सरला की बघू, माझं किती बरोबर आलं."

महाराज खूश झाले. अस्वल वैद्याला शेपट्यांची लांबी मोजायच्या कामाला जुंपलं.

"पण महाराज, मुळ्या कोण खणणार?" अस्वलाने विचारलं.

"आधी कुणाला द्यायच्या ते ठरू दे की!" महाराज म्हणाले. हेही सगळ्यांना पटलं.

चारोळ्याला घुबडरावांसमोर आणलं. सोबत त्याची आई होती, गुंजाबाई. तोंडाने फटकळ, हाताने त्याहून फटकळ.

"आधी याला मित्र किती होते?" घुबडरावांनी विचारलं. "लहानपणी फांदीवरून पडला होता का? याचा मामा कसा होता?"

"मामा तिरसट होता," गुंजाबाई म्हणाली.

"अरेरे."

"मीपण तिरसटच आहे."

"मग तर दुप्पट अरेरे!"

"अहो, पण तो इथेच बसलाय ना! त्याला काय होतंय ते त्यालाच विचारा की."

"बाई, तो आजारी आहे. त्याला स्वतःचं काय कळणार?"

चारोळ्या मान खाली घालून पुटपुटला, "मला माझी फांदी परत मिळेल का?"

"काय म्हणतोय हा?"

"विचारतोय, फांदी परत मिळेल का," अस्वल म्हणालं.

"शेपटी किती भरली तेवढं सांगा आणि पुढच्याला बोलवा," घुबडराव म्हणाले.

चारोळ्याला वाळकं पान मिळालं. काल ज्या मावशा त्याच्या पाठीत बोटं घालून बसल्या होत्या, त्यांनी हात काखेत घातले. "आम्हाला काय वाईट वाटत नाही का, गुंजाबाई? पण वाळकं पान आहे ना आता." त्याच्या फांदीवर नाईकाचा भाचा जाऊन बसला. त्याला बिबट्या आणि बाभूळ यांतला फरक कळत नव्हता, पण त्याची शेपटी अगदी मापात होती.

"जळलं मेलं तुमचं पान!" गुंजाबाई म्हणाली आणि पोराच्या मागोमाग बेहड्यावर राहायला गेली.

जाताना आधी ती अस्वलाकडे गेली. "मुळी द्या, वैद्यबुवा."

"वाळक्याला द्यायची नाही, असा हुकूम आहे हो."

"मग मला द्या. तुमची ही मोजामोज बघून माझंच डोकं फिरायची वेळ आलीय. देताय की आरडाओरडा करू?"

अस्वल मुळात वाईट नव्हतं, नुसतं भित्रं होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मूठभर मुळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

गुंजाबाई रोज पोराला मुळी चघळायला लावी आणि त्याच्या उवा काढी. सुरुवातीला चारोळ्या तिला चावला. मुळी थुंकली. ती शिव्या घालायची आणि दुसरी मुळी तोंडात कोंबायची. हळूहळू तो झोपायला लागला. मग एक दिवस त्याने न हुंगता फळ खाल्लं. एक दिवस फांदीवरून आईचा पाय घसरला, ती लोंबकळत राहिली आणि चारोळ्या खो खो हसला. तिने वर येऊन त्याच्या एक मुस्काटात दिली आणि मग त्यालाच मिठी मारून हमसून हमसून रडली.

"आई, तो आवाज अजून येतो गं," चारोळ्या म्हणाला. "पण रोज तेच तेच बोलतो. मला आता कंटाळा आलाय त्याचा."

पावसाळा सरला. दरबार भरला. हिरव्या पानाचे बहुतेक बरे झाले होते. बेहड्यावरच्या बाकीच्या वाळक्यांना ना मुळी, ना कुणाची बोटं. त्यांची पार दशा झाली होती. एक तर कुणाला न सांगता दरीकडे निघून गेला, तो परत आलाच नाही.

"बघा," घुबडराव म्हणाले, "सगळं म्हटल्याप्रमाणे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय म्हणता, मुलांनो? मुळीच दिली नाही तर बरे कसे होतील? शाबास. पण दरबारात तुमच्याएवढं हुशार कोणी नव्हतं आणि जे होते त्यांना आपापल्या शेपट्या प्याऱ्या होत्या.

तेवढ्यात गर्दीतून चारोळ्या पुढे आला. ताठ उभा राहिला. "महाराज, मी बरा झालोय. माझी फांदी मला परत द्या."

"घुबडराव," महाराज म्हणाले, "हा तर वाळक्या पानाचा!"

घुबडरावांनी डोळे मिचकावले. "का रे, आवाज येतो का अजून?"

"कधीमधी येतो."

"बघा, बघा!"

"पण मी त्याला सांगतो, आत्ता मी कामात आहे, नंतर ये."

दरबार हसला. महाराजही हसले. घुबडरावांना मात्र घाम फुटला. त्यांना 'त्रिकालभूषण' ही पदवी मिळायची होती, आणि न चुकणाऱ्या अंदाजात हा एक वानर खड्यासारखा आला होता. चूक कुठे झाली ते शोधून काढतो, असं म्हणून ते ढोलीत गेले, आणि थोड्याच वेळात बाहेर आले.

"महाराज, चूक सापडली. माझा अंदाज बरोबरच होता. या गुंजेने तो बिघडवला. चोरून मुळी दिली, चोरून उवा काढल्या."

"मग आता?"

"तिला नदीपलीकडे पाठवा. मुलगा आपोआप अंदाजावर येईल."

तसंच केलं. चारोळ्याला ओढत बेहड्यावर नेलं. मुळी बंद झाली. त्याच्याशी बोलायला आता तो एक आवाजच उरला आणि आवाजालाही दुसरं काम नव्हतं. थंडी संपायच्या आत चारोळ्या पूर्णपणे अंदाजावर आला. दिवसभर नदीकडे तोंड करून ओरडायचा, "आई! ए आई!"

घुबडरावांचा सत्कार नदीकाठीच ठरला, बेहड्यापासून हाकेच्या अंतरावर. मोर नाचले. हार घातले. घुबडराव भाषणाला उभे राहतात तोच गुंजाबाई दगडांवरून उड्या मारत, निथळत नदी ओलांडून आली.

"माझा पोरगा हाका मारतोय! पलीकडे मला ऐकू येतंय. मला जाऊ द्या त्याच्याकडे!"

"कुणाच्या हाका?" घुबडरावांनी मान तिरकी केली.

"चारोळ्याच्या! आत्ता, आत्ता मारतोय. ऐका ना!"

बेहड्यावरून स्वच्छ ऐकू आलं, "ए आई! कुठंयस गं?"

हरणांना ऐकू आलं. मावशांना ऐकू आलं. अस्वलालाही ऐकू आलं, ते स्वतःची नखं बघत बसलं. एका पाडसाने कान टवकारले, तर त्याच्या आईने ते चटकन खाली दाबले.

"कुणाला काही ऐकू येतंय का?" घुबडरावांनी विचारलं आणि वाळक्या पानांची टोपली जवळ ओढली.

सगळ्यांनी आपापल्या शेपट्या पोटाखाली दडवल्या.

"अरेरे," घुबडराव म्हणाले. "बाईंनाही आवाज यायला लागले."

"ही तरी बरी होईल का हो?" महाराजांनी कळवळून विचारलं.

"छे!" घुबडराव तिच्या शेपटीला पान बांधत म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, कोणी आजारी पडला तर तो बरा होणार की नाही, हे आधी पक्कं ठरवावं आणि मग त्याला त्याप्रमाणेच वागवावं. अंदाज चुकत नाही. इतकं करूनही तो बरा व्हायला लागलाच, तर घाबरू नये. आसपास शोधावं. कोणीतरी त्याच्यावर माया करत असणार. तेवढी थांबवावी.