मास्तरांच्या पिंडास कावळा शिवला त्याची हकीकत

श्रीमतदार समर्थ, पाच वर्षांतून एक दिवस. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सरी, भाद्रपद मासी, कोणे एके राज्यात ज्येष्ठ सभेची निवडणूक आली आणि सभेचे विद्यमान मानकरी श्रीमंत सरदार रायाजीराव चौथ्यांदा उभे राहते जाहले. मागील तिन्ही वेळा त्यांनी एकाच नदीवर एकाच पुलाची पायाभरणी केली होती. तिन्ही दगड शाबूत होते. मग ऐन प्रचारात अलीकडच्या तीरावरील दामोदर मास्तर छातीत कळ येऊन पडले, आणि दवाखाना पलीकडे, आणि नदीस पूर, आणि नाव सुटेना, आणि मास्तर काठावरच निवर्तले. त्यांची एकुलती कन्या वत्सला. तिने दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेविला आणि वाट पाहत बसली. कावळा फांदीवर आला, परंतु उतरेना.

इतक्यात रायाजीराव सांत्वनास पातले. पुढे ताशा, मागे छायाचित्रकार. लक्ष्मण नावाडी बोलिला, "मास्तरांची इच्छा राहिलीया काहीतरी." तेव्हा सरदारांनी हात जोडिले आणि पिंडास अभय दिले, "मास्तर, पूल करतो. शब्द आहे माझा." कावळा हलेना. "चौपदरी करतो." कावळ्याने मान फिरविली. नावाडी म्हणाला, "साहेब, त्यो हितलाच हाय. तिन्ही पायाभरण्यांना हजर व्हता." लोक हसले. मग सरदारांचे कारभारी वत्सलेच्या कानाशी लागले, "ताई, दर्भाचा कावळा करा आणि पिंडाला शिववून टाका ना. साहेबांची साडेअकराला सभा आहे." वत्सला म्हणाली, "तुम्ही जा सभेला. माझे बाबा आहेत, मी थांबेन." आणि पिंडाकडे वळून हळूच बोलिली, "बाबा, मागच्या खेपेला तुमच्याशी भांडून मी यांना मत दिलं. चुकलं माझं. आता नाही देणार." तोच कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला. आणि वत्सला दहा दिवसांत प्रथमच रडली.

रायाजीराव तेथेच हात जोडून उभे होते, ते पिंड व कावळ्यासह चित्रात आले. दुसरे दिवशी राज्यभर त्याच चित्राची भित्तिपत्रे लागली, ‘साहेबांचा शब्द, कावळाही शिवला!’ आणि प्रजेने धन्य धन्य म्हटले, आणि मग मतेही दिली, आणि सरदार पूर्वीहून मोठ्या फरकाने विजयी जाहले.

सारांश, सरदार सभेत बसले, चौथा दगड काठावर बसला, मास्तरांस गती मिळाली. एक भित्तिपत्र वत्सलेच्या भिंतीवरही डकविले होते. ते तिने पाणी लावून, न फाडता सोडविले, सरदारांपुरते कातरून टाकिले, आणि पिंड व कावळा तेवढा घरात ठेविला. घडले तैसे लिहिले.