बंदुकीचं खाणं

आमच्या शेजारचे त्र्यंबकनाना वस्तूची किंमत कधी विचारत नसत. वस्तू खाते काय, ते विचारत.

मी शाळेत नोकरीला लागलो त्या वर्षी सायकल घेतली. शनवारा दरवाजातून ती हातानं ढकलत घरी आणली, कारण चालवता अजून येत नव्हती. सगळी गल्ली भोवती जमली. कुणी घंटी वाजवून पाहिली, कुणी केवढ्याला पडली म्हणून विचारलं. ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या नानांनी अडकित्ता खाली ठेवला.

"केवढ्याला का पडेना, मास्तर. खाते काय, ते सांगा."

"सायकल काय खाणार, नाना? हवा."

"हवा फुकट. पण हवा धरून कोण ठेवतं? रबर. रबर कोण खातं? आपल्या बुऱ्हाणपूरचे दगड. म्हणजे सायकल रबर खाते." त्यांनी चाकाला टिचकी मारली. "त्यापेक्षा घोडं बरं. ते खाताना दिसतं तरी."

नाना कापसाचे दलाल. किंमत हा त्यांचा रोजचा धंदा, आणि म्हणूनच बहुधा किमतीवर त्यांचा विश्वास नव्हता. "पाहुणा सामान किती घेऊन आला ते पाहू नये, भई. राहणार किती दिवस ते विचारावं," असं ते म्हणत. गल्लीच्या टोकाच्या सराफांनी फोनो आणला तेव्हा आम्ही सारे माना डोलवत गाणं ऐकत होतो. नाना फक्त सुईकडे पाहत होते. तबकडी संपली, सराफांनी सुई बदलली, तसे नाना उठले. "चांगलं गातो. पण सुया खातो," म्हणाले आणि घरी गेले.

नाना पुतण्यासाठी मुलगी पाहायला रावेरला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. बोलणी ठरत आली होती. नाना सवयीनं बोलून गेले, "बाकी सगळं पसंत. खाते काय?" मुलीचे वडील ताडकन उठले. "आमची लेक आहे, बैल नाही!" मी पादत्राणं शोधू लागलो. तेवढ्यात आतून मुलीचाच आवाज आला, "सांगा त्यांना, भाकरी खाते. बोलणी खात नाही." नानांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली.

अशा माणसाच्या घरात बंदूक होती, आणि ती का होती, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

कशी आली ते सगळ्यांना ठाऊक होतं. जंगल खात्याचा एक साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्या सामानाचा लिलाव आमच्या इथल्याच लालबागला, स्टेशनाजवळच्या बंगल्यात झाला. नाना आरामखुर्चीसाठी गेले होते. खुर्ची आवाक्याबाहेर गेली. बंदुकीला मात्र कुणी बोली लावेना, कारण परवान्याची कटकट कुणाला नको होती. मातीमोल भाव. नानांनी तरी आपला नेम सोडला नाही. साहेबाच्या खानसाम्याला बाजूला घेऊन विचारलं, "ये खाती क्या है?"

"कुछ नहीं, हुजूर. तीन साल से कोने में खड़ी है."

"तो खोटं बोलला नाही," नाना पुढे सांगत. "चूक माझी. उपाशी जनावर दारात उभं असलं तर खुराक मालकाला विचारू नये."

चांदनी गावाच्या वाटेवर त्यांचं शेत होतं, रानडुकरांचा त्रास होता, म्हणून राखणीसाठी परवाना मिळाला. तोवर बंदूक ठाण्यात पडून होती. ती घरी आल्यावर नाना बोहऱ्याच्या दुकानी काडतुसं घ्यायला गेले. भाव ऐकून पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

पहिल्या वर्षी त्यांनी काटकसर केली. म्हणजे एकही काडतूस उडवलं नाही. पावसाळ्यात कागदाची ती काडतुसं दमट हवेनं फुगली आणि नळीत जाईनात. न खाता अन्न नासलं, याचा नानांना सुतक पडल्यासारखा चटका बसला. पुढल्या वर्षी त्यांनी काडतुसं घरावरच्या धाब्यावर उन्हात वाळत घातली, कुरडयांच्या शेजारी. समोरच्या धाब्यावरून सराफांच्या घरातल्या बाई ओरडल्या, "अहो नाना, एखादी फुटली म्हणजे?"

"कुरडई की काडतूस?" नानांनी विचारलं.

गोदाकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, हातात काठी घेऊन दोन्हींवरचे कावळे हाकत बसल्या होत्या. या आरडाओरड्यातलं त्यांना काहीच कळलं नाही. विषमज्वरातून त्या वाचल्या, पण कान गेले होते. गल्लीतून वाजंत्री गेली तरी त्या दळणातून मान वर करत नसत. स्वतः मात्र भरपूर बोलत, मोठ्यानं बोलत. नाना खुणांनी उत्तर देत. काकूंना पोथीपुरतं वाचता येई म्हणून मी पाटीवर लिहून त्यांच्याशी बोलत असे.

पुढे नाना बंदुकीचा खर्च रुपयांत सांगेनासे झाले. बंदुकांत सांगू लागले. "हिनं आजवर हिच्यासारख्या तीन बंदुका खाल्ल्या, मास्तर. चौथी अर्धी झाली." कुणी म्हणे, "मग विकून टाका." नाना म्हणत, "खादाडाला कोण घेतो?" पण दर महिन्याला ते बोहऱ्याकडे जात, घासाघीस न करता काडतुसं घेत, आणि आठवड्याच्या बाजारादिवशी काकूंना बैलांच्या दमणीत बसवून शेतावर नेत. शेतावरून बार ऐकू येई. शिकार मात्र कधी आली नाही. एक तित्तिरसुद्धा नाही.

त्यांचा सालदार गडी सुपडू मला एकदा म्हणाला, "मास्तर, डुक्कर तं अंधाराचं येतं. नाना भर दुपारी बंदूक उडवता. म्या म्हटलं, नाना, डुक्कर आता झोपेल असीन. तं म्हणता, झोपेत ऐकीन ना!"

मला राहवलं नाही. पुढच्या खेपेला मी दमणीत बसलो. नानांनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाले, "बैलांना ओझं झालं तर तुम्ही उतरा, बंदूक नाही."

शेतावर काकू ओढ्याच्या काठी भुईमूग निवडत बसल्या, आमच्याकडे पाठ करून. नाना विहिरीजवळ उभे राहिले. काडतूस फुंकून पुसलं, भरलं, बंदूक आभाळाकडे केली आणि बार काढला. माझे कान बधिर झाले. पण नाना आभाळाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर काकूंच्या पाठीवर होती.

काकूंनी मान वळवली. हात वर केला आणि शेतभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं हो!"

नानांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वरातीतल्या नवऱ्या मुलासारखा दिसत होता तो, मिशा पिकलेल्या असूनही.

"मेघ गडगडला तर ऐकू येत नाही हिला," नळी पुसत ते म्हणाले. "मी हाक मारली तर नाहीच. पहिल्यांदा ही बंदूक उडवून पाहिली, तर ही एकदम वळली. काय झालं म्हणून विचारलं तिनं! त्या दिवशी ठरवलं." मग रिकामं काडतूस खिशात टाकत, "महाग बोलणं आहे, भई. एका शब्दाला एक काडतूस. पण दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलू?"

ही गोष्ट त्यांनी गल्लीत कुणाला सांगितली नाही. मीही सांगितली नाही. लोक हसत राहिले, आणि नाना चार, पाच बंदुकांचा हिशेब सांगून त्यांना हसू देत राहिले.

मग नवे तहसीलदार आले. परवान्याची मुदत संपत होती, आणि त्यांनी नानांना सुपडूसकट बोलावलं. अर्ज मी लिहिला होता म्हणून मीही गेलो. कचेरीच्या फाटकाशी थांबून नाना म्हणाले, "परवाना गेला, मास्तर, तर तोंड बांधल्यासारखं होईल मला."

तहसीलदारांनी विचारलं, "काडतुसं बरीच घेता. डुकरं किती मारली?"

"एकही नाही."

"दुसरं काही?"

"नाही."

"मग बंदूक कशाला हवी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर राखणीचा परवाना जाणार, आणि खोटं त्यांना कापसाच्या भावाखेरीज कशातच बोलता येत नव्हतं. मागून सुपडू पुढे झाला.

"साहेब, मराले डुक्कर याले पाहिजे ना! येतच नाही."

"ते या बंदुकीमुळे?"

"नाही तं काय, नानाले पाहून?"

तहसीलदार हसले, कारकून हसला, आणि शिक्का बसला. नानांनी परतताना सुपडूला माव्याची जिलबी खाऊ घातली, पोट भरेपर्यंत, आणि स्वतः एकही न खाता त्याच्याकडे पाहत बसले. मी म्हटलं, "नाना, आज खातो काय ते विचारलं नाहीत." ते म्हणाले, "दिसतंय की."

गेल्या पौषात नाना गेले. आजारपण लांबलं नाही. लांबलं असतं तर त्याचंही खाणं त्यांनी मोजलं असतं, असं मनात येऊन मला स्मशानातच हसू आलं आणि मग आवरेना.

तेरावा झाल्यावर ठाण्यातून निरोप आला. धनी गेला, परवाना सरला, बंदूक जमा करा. पुतण्या परगावी होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पाटी घेऊन मी काकूंकडे गेलो. त्यांनी बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून तयारच ठेवली होती. डब्यात एक काडतूस उरलं होतं. मला ते तसंच सरकारात द्यावंसं वाटेना. मी पाटीवर लिहिलं, "शेतावर जाऊ. सुपडू बार काढेल. तुम्हाला एकदा शेवटचं ऐकता येईल."

काकूंनी अक्षरं बोटानं वाचली आणि हसल्या. "मला कुठं काय ऐकू येतंय, मास्तर?"

मी पाटीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"पहिलं वर्षभर यायचं. छातीत कुणी थाप मारावी तसं. मग तेही गेलं." त्या नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या, किंवा मला तसं वाटलं. "ओढ्याकडे तोंड करून बसायची मी, ती काय उगाच? तिथं बगळे असायचे. बार निघाला की सगळे एकदम उडायचे. बगळे उडाले की मी वळायची. एकदा मेले बगळेच नव्हते. मी आपली शेंगा निवडतेय! हे दुसरं काडतूस भरायला लागले, तेव्हा सुपडूनं समोरून खूण केली."

मी पाटी पुसली आणि लिहिलं, "सांगायचं होतं नानांना. केवढा खर्च वाचला असता."

काकूंनी ते वाचलं. पाटी माझ्या हातातून घेतली, पदरानं कोरडी केली आणि उलटी करून बाजूला ठेवली.

"जन्मभर त्या माणसानं एक पैसा हसत खर्च केला नाही, मास्तर. एवढाच करायचे. तो मी बंद करू होय?"